भरमू डायव्हर आणि ओढ्याची पाटी

भरमूला एका जागी बसणं जन्मात जमलं नाही, आणि नशिबाने त्याला काम दिलं ते दिवसभर एका जागी बसायचं. निपाणीहून बेळगावला आणि बेळगावहून निपाणीला जाणारी सर्व्हिस मोटार तो हाकायचा. मोटार पळत असली की भरमू शांत असे, कुणी काही बोललं तर हसून उत्तर द्यायचा. मोटार थांबली की त्याची बोटं चाकावर ताल धरायची, पाय खाली नाचायला लागायचे, आणि तोंडाचं तर विचारूच नका. जेवायला न मिळालं तर चालेल, पण मोटार उभी राहिलेली त्याला बघवत नसे.

लहानपणी वाडीवर बापाने त्याला नांगराच्या मागं उभं केलं, तेव्हाही हीच गत. बैल आपल्या चालीने चालायचे आणि हा नांगराचं तास संपायच्या आधीच बांधावर जाऊन त्यांची वाट बघत उभा राहायचा. बापाने कपाळाला हात लावला. पुढं एकदा संकेश्वरच्या बाजारात भरमूने मोटार बघितली, तिच्या मागून धुरळा खात गावाच्या वेशीपर्यंत पळाला, आणि त्या दिवशी बैलांना त्याने कायमचा रामराम ठोकला. त्याच्या आईला, नागुबाईला, हे पटलं नाही. ज्याला शेपूट नाही त्याच्या मागं लागून काय मिळतंय, एवढंच ती म्हणाली आणि मिश्रीचं बोट दातावर फिरवत राहिली. तिने मोटारीत पाय म्हणून ठेवला नाही. बाप गेल्यावर दोन बिघे रान तीच बघायची.

सदतीस-अडतीस सालच्या त्या रस्त्याचं वर्णन करायचं तर खड्ड्यांपासून सुरुवात करायला हवी. पण भरमूचा खड्ड्यांवर राग नव्हता. खड्डा निदान जे आहे ते दाखवतो, असं त्याचं म्हणणं. त्याचा दावा होता तो पाट्यांशी. तवंदीचा घाट ओलांडला की एक पाटी सांगायची, रस्ता खोदला आहे. तो खोदून, बुजवून, पुन्हा उखडून जुना झाला होता, पाटी मात्र तशीच. पुढं एका माळावर शाळेची पाटी होती. त्या शाळेचं छप्पर वादळात उडाल्यावर मास्तर मुलांना घेऊन गावातल्या देवळात बसायला लागले होते, आणि माळावर पोरं सोडा, शेळीसुद्धा आडवी येत नसे. सगळ्यात कहर म्हणजे रेल्वेच्या फाटकाची पाटी. जिथं कोसभर कुठं रूळ नाहीत तिथं कुणा कंत्राटदाराच्या माणसाने ती उतरवून रोवून टाकलेली. नवा डायव्हर आला की तो इमाने इतबारे मोटार थांबवायचा, खाली उतरून दोन्हीकडं बघायचा, कान द्यायचा, आणि गुरं राखणारी माणसं पोट धरून हसायची. आणि जिथं खरोखर आंधळं वळण होतं, समोरून गुळाच्या गाड्या अंगावर यायच्या, तिथं पाटी नव्हती. तिथं भरमूचा हॉर्न हीच पाटी.

या सगळ्यांना शिव्या घालत भरमू पुढं जाऊ शकायचा. जाऊ देत नव्हती ती एकच, ओढ्यावरची.

वंटमुरीच्या अलीकडं, भरमूच्या वाडीला लागूनच तो ओढा. त्यावर पूर्वी लाकडी पूल होता. एका पावसाळ्यात एका मोटारीचं मागचं चाक फळी मोडून खाली गेलं, मोटार कलती झाली, माणसं वाचली पण चांगलीच हादरली. त्यानंतर पाटी लागली: पूल कच्चा आहे, उतारूंनी उतरून पायी जावे. लागली ते बरंच झालं. पण पुढं लाकडी पूल काढून तिथं दगडी कमानीचा पूल बांधला गेला, असा की त्यावरून हत्ती नाचवावेत. पाटी कुणी काढली नाही. आणि उतारू उतरत राहिले.

कसे उतरत राहिले ते बघण्यासारखं होतं. पाटी दिसायच्या आधीच आत चुळबुळ सुरू व्हायची. बायका पोरांना कडेवर घ्यायच्या. कोर्टाचे पक्षकार दप्तरं काखेला मारायचे. कुणाचं कोंबडं, कुणाचा तंबाखूचा बोजा, कुणाची म्हातारी. सगळं लटांबर खाली उतरायचं आणि पुलावरून सावकाश, मध्ये थांबून खालचं पाणी बघत पलीकडं जायचं. मग भरमूने रिकामी मोटार पार करायची, पुन्हा सगळ्यांनी चढायचं, आणि जागेवरून भांडणं. बेळगावजवळच्या शहापूरच्या मागावरची लुगडी निपाणीला नेऊन विकणारा यमनाप्पा विणकर आठवड्यातून एकदा या मोटारीला असायचा, जाताना भरलं गाठोडं आणि येताना उरलेलं. तो तर गाठोडंसुद्धा मोटारीत ठेवायचा नाही. पूल पडलाच तर लुगडी भिजतील, रंग एकमेकांत उतरतील, असं सांगून ते डोक्यावर घेऊन वाकत वाकत चालायचा. आणि पोलीस हवालदार मोटारीत असला, तर आधी तोच उतरायचा.

याचा भोग भरमूच्या वाट्याला. बेळगावच्या कोर्टात पुकारा व्हायचा तेव्हा सदलग्याचा, निपाणीचा पक्षकार अजून वाटेतल्या काकतीपाशी असायचा. लोंढ्याकडं जाणाऱ्यांची गाडी फलाटावरून निघून गेलेली असायची. आणि ज्या लोकांनी पुलावर उभं राहून पाण्यातले मासे बघितले, तीच माणसं मोटार अड्ड्यावर उतरून भरमूच्या नावाने खडे फोडायची. भरमू आतून नुसता करपत होता. पूल भक्कम आहे हे त्याला रोज चाकाखाली कळत होतं आणि ते कुणाला सांगून पटत नव्हतं, यापेक्षा जास्त छळ माणसाला कसला असू शकतो?

तो कचेऱ्यांत गेला. ज्या कचेरीने पूल बांधला ती म्हणाली, पाटी आमची नव्हे. ज्या कचेरीने पाटी लावली ती म्हणाली, पाटी आमची खरी, पण पूल आमचा नव्हे, दुसऱ्याच्या पुलाला पक्का म्हणायचा अधिकार आम्हाला कुठला? कारकुनाने हे इतक्या सभ्यपणे सांगितलं की भरमूला भांडतासुद्धा आलं नाही.

मग एकदा संतापाच्या भरात त्याने पाटी खांबासकट उपटली आणि ओढ्यात फेकली. क्लीनर परसू, भरमूपेक्षा वयाने मोठा आणि भित्रा माणूस, आण्णा नको, आण्णा नको म्हणत बाजूला उभा. दुसऱ्या दिवशी पाटी नव्हती, तर लोकांना कुठं उतरायचं ते कळेना. म्हणून ते आणखी अलीकडं, रस्त्याकडच्या एका बाभळीपाशीच उतरले आणि जास्त चालले. आणि ज्या कचेरीला इतकी वर्षं पाटी काढायला सवड नव्हती, तिला नवी लावायला मात्र लगेच सवड झाली. ताज्या तांबड्या रंगात, त्याच शब्दांत.

मोटारीचे मालक आण्णाप्पा शेट, निपाणीचे तंबाखूवाले, तसे सज्जन माणूस. पण त्यांचेच व्यापारी मित्र कोर्टात वेळेवर पोचेनात, तेव्हा त्यांनी भरमूला बोलावून सांगितलं की या दिवाळीपर्यंत मोटार वेळेवर पोचायला लागली नाही, तर ते कोल्हापूरचा डायव्हर ठेवतील आणि भरमूने तंबाखूच्या वखारीत पोती मोजायला बसावं. पगार तोच राहील असंही ते म्हणाले. भरमूला पगाराचं काही वाटलं नाही. वखारीत, त्या खाटेसारख्या बाकावर, भिंतीकडं तोंड करून दिवसभर बसायचं, हे त्याच्या डोळ्यांपुढं आलं. त्या रात्री तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पाटीपाशी मोटार थांबली आणि भरमू खाली उतरून उतारूंच्या वाटेत उभा राहिला. त्याने हात जोडले. आजचा दिवस बसून राहा म्हणाला. पुलाच्या कठड्यावर लाथा मारून दाखवल्या. लोक ऐकत होते, मान हलवत होते आणि उतरत होते. यमनाप्पा गाठोडं डोक्यावर चढवता चढवता थांबला. तो वाईट माणूस नव्हता, पण व्यवहाराला पक्का होता.

"भरमू, येक सांग," तो म्हणाला. "पूल येवढा घट हाय म्हंतोस, तर तुझी आई ह्याच वाडीत हाय न्हवं? तिला मोटारीत बसवून पार करून दाखव. मग आमी बसतो."

सगळ्यांना हे एकदम पटलं. भरमू पुन्हा चाकावर जाऊन बसला. आईने मोटारीत कधी पाय ठेवला नाही हे तिथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं.

परतीच्या खेपेला त्याने परसूला मोटारीपाशी ठेवलं आणि वाडीत गेला. नागुबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. भरमूने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वखार, बाक, यमनाप्पा. तिने तो पूल हजारदा पायी ओलांडला होता, कारण रान पलीकडं. तिने फक्त विचारलं, पूल पक्का आहे का. दगडी आहे, भरमू म्हणाला. मग मला कशाला विचारतोस, असं म्हणून ती पुन्हा शेंगांकडं वळली.

पुढच्या आठवड्यात, यमनाप्पाच्या दिवशी, सकाळी मोटार वाडीपाशी आली तेव्हा नागुबाई रस्त्याकडंला उभी होती. धुतलेलं लुगडं, काखेत भाकरीची टोपली, हातात खुरपं. परसूने तिला हाताला धरून पुढच्या बाकावर, भरमूशेजारी बसवलं. बाकीचे सगळे खाली उतरले आणि पुलाच्या अलीकडं रांग धरून बघत उभे राहिले.

भरमूने मोटार पुढं घेतली. पुलाच्या तोंडाशी चाकं आली आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आजपर्यंत तो या पुलावरून शेकडो वेळा गेला होता, पण रिकामी मोटार घेऊन. माणूस बसलेली मोटार त्याने इथून एकदाही नेली नव्हती. पूल पक्का आहे हे तो जगाला ओरडून सांगत आला होता, आणि आज शेजारी आई बसली तर त्याला खालचं पाणी दिसायला लागलं. एरवी मोटार थांबली की नाचणारे पाय दगडासारखे झाले. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही पाय उचलेना.

नागुबाईने एकदा त्याच्याकडं बघितलं.

"चल की रं," ती म्हणाली. "रानात पाखरं आली असतील."

भरमूने पाय उचलला. मोटार पुलावर चढली आणि पलीकडं उतरली. एवढंच. कमानीतून धुळीचा कणही पडला नाही. पलीकडं नागुबाई उतरली, टोपली घेतली आणि मागं न बघता आपल्या रानाच्या वाटेला लागली. भरमूने चाकावर डोकं टेकलं.

आता लोक शहाणे होतील असं तुम्हाला वाटलं असेल. भरमूलाही वाटलं. यमनाप्पा चालत पुलापलीकडं आला, गाठोडं टपावर टाकलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, की म्हातारी पुण्यवान आहे, तिच्या पायगुणाने पूल तरला. ती रोज बसणार असेल तर आपणही बसू. सगळ्यांनी माना डोलावल्या. आयुष्यात पहिल्यांदाच भरमूला शिवी सुचली नाही.

तर असं सुरू झालं. रोज सकाळी नागुबाई वाडीपाशी मोटारीत बसायची आणि पूल ओलांडला की रानाशी उतरायची. दुपार कलताना उलट. मोटार वाडीजवळ आली की मागून विचारणा व्हायची, नागुबाई आली का? ती चढताना दिसली की लोक निवांत पान जुळवायला लागायचे. पाटी काचेसमोरून निघून जायची, कुणी वाचायचं नाही. ती एखाद दिवशी पाहुण्यांकडं गेली तर मात्र सगळं लटांबर पुन्हा खाली. परसू लोकांना सांगायचा की या मोटारीचे ब्रेक दोन, एक पायाखाली आणि एक नागुबाई.

भरमूची मोटार वेळेवर पोचायला लागली. दिवाळी आली आणि गेली, कोल्हापूरचा डायव्हर आला नाही. पण जरा विचार करा, मोटार थांबायची ती थांबतच होती. पूर्वी पुलाच्या अलीकडं पन्नास पायांसाठी थांबायची, आता पलीकडं दोन पायांसाठी. आणि नागुबाईला उतरायची घाई कधीच नसे. आधी टोपली खाली, मग खुरपं, मग लुगड्याचा ओचा सावरायचा, मग डावा पाय, मग दांडीला धरून थोडं टेकायचं. भरमूची बोटं चाकावर नाचायची. कधी कधी तो म्हणायचा, आई, आवर गं. ती म्हणायची, तुला कुठं आग लागलीय? रोज तेच, आणि रोज त्याला तोच राग यायचा. पण आईशी दिवसाकाठी होणारं त्याचं बोलणं तेवढंच होतं. ते त्याला तेव्हा कळलं नाही. धावणाऱ्या माणसाला असं काही तेव्हाच्या तेव्हा कळत नाही.

मग लढाई आली. पेट्रोल मिळेना, मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी बसली आणि तिच्या वायूवर मोटार खोकत चालायला लागली. थांबली की पुन्हा सुरू करायला परसूचे हात काळे व्हायचे. लोखंडाला सोन्याचा भाव आला, आणि कुणीतरी ओढ्यावरची पाटी खांबासकट उपटून नेली. गंमत म्हणजे ती गेल्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. भरमूच्याही नाही. ज्या पाटीपायी त्याने अर्धं रक्त आटवलं, तिच्या जागचा रिकामा खड्डा त्याने किती दिवसांनी बघितला कुणास ठाऊक, आणि बघून त्याला आनंदसुद्धा झाला नाही. त्याला पुढचीच घाई होती.

लढाई संपली त्या हिवाळ्यात नागुबाईला ताप आला. मोटारीतून बेळगावच्या दवाखान्यात नेतो म्हणून भरमू हट्टाला पेटला. उद्या बघू, ती म्हणाली. दुसरा दिवस उजाडला तेव्हा ती नव्हती.

दिवसकार्य होईपर्यंत भरमू वाडीवर राहिला आणि मोटार बदलीच्या डायव्हरने चालवली. परसूने नंतर सांगितलं, की पहिल्या दिवशी पूल जवळ आल्यावर मोटारीतलं कुणी उठलं नाही, आणि बदलीच्या माणसाने गाडी तशीच पार केली. म्हातारी वरून पूल सांभाळतेय, आता काही भ्यायचं राहिलं नाही, असं कुणीतरी म्हणालं. भरमूने ते ऐकून घेतलं. एवढी वर्षं त्याला जे हवं होतं ते झालं होतं, भरलेली मोटार न थांबता पुलावरून गेली होती, आणि ते तो नसताना झालं होतं.

तो पुन्हा चाकावर बसला तो दिवस यमनाप्पाचा होता. यमनाप्पा आता म्हातारा झाला होता, गाठोडं मांडीवर घेऊन पुढच्याच बाकावर, नागुबाईच्या जागेच्या कडेला बसलेला. ती जागा कुणी घेतली नव्हती. वाडी आली. रस्त्याकडंला कुणी उभं नव्हतं. मोटार पुलावर चढली, पलीकडं उतरली, आणि भरमूने ब्रेक लावला.

मोटार थांबली. भट्टी फुसफुसत होती. भरमूचे हात चाकावर होते आणि बोटं हलत नव्हती. कधी नव्हे ते त्याचे पाय शांत होते. बाजूला रानात ज्वारी भरली होती आणि पाखरं खुशाल बसली होती, त्यांना हाकलायला कुणी नव्हतं.

मागं चुळबुळ झाली. कोर्टाची वेळ होत आली होती. एक नवखा पक्षकार म्हणाला, इथं ना पाटी ना थांबा, डायव्हर उगाच का खोळंबलाय? आणखी दोघं त्याच्या सुरात सूर मिळवून कुरकुरले. एकाने घड्याळ काढलं. परसू खाली मान घालून बसला, पुढं चला म्हणायचं त्याच्याने होईना.

यमनाप्पाने मागं वळून बघितलं.

"गप बसा की," तो हळूच म्हणाला. "म्हातारी उतराय लागल्या."

घड्याळ पुन्हा खिशात गेलं. टोपली, खुरपं, ओचा आणि डावा पाय यांना जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ मोटार उभी राहिली. मग भरमूने ब्रेकवरचा पाय काढला.